राणी हेमलेखा आणि ओढशिळा

एका राज्यात एके सकाळी लोखंड पळालं. हो, पळालं! विळे, कोयते, दारांचे खिळे, चाकांच्या धावा, सगळं सणसणत माळावर गेलं आणि एका काळ्या शिळेच्या तोंडाला चिकटलं. कालदंष्ट्र मांत्रिकाने तिथे पुरुषभर उंचीचा चुंबक उभा केला होता. राजा रणधवल तेव्हा चिलखत घालून तालीम करत होता. चिलखत गेलं, त्यासोबत राजाही गेला. चिलखताचे बंद पाठीवर आणि पाठ शिळेला, म्हणजे सोडवायचीही पंचाईत.

मांत्रिक राणी हेमलेखेला म्हणाला, "प्रयत्न तीन. फसलीस तर गादी माझी. आणि चिलखत दर प्रहरी आवळत जाईल."

राणीने दगडी घण मागवले. लोखंडी होते कुठे? शिळेचा एक कोपरा फुटला. पण तो तुकडाही पुरता चुंबक निघाला, त्यालाही दोन टोकं, आणि शिळेची ओढ काही कमी होईना. मग कुणी सुचवलं की चुंबकाची सारखी टोकं एकमेकांना ढकलतात. शिपायांनी तुकडा तसा धरून शिळेपुढे नेला. तो हातातल्या हातात गर्रकन फिरला, उलट्या टोकाने शिळेवर आदळला, आणि एकाची बोटं चेचली. राजाचा श्वास आता तुटक येत होता.

तेव्हा शिळेवर एक साळुंकी येऊन बसली. ती सोनाराच्या वळचणीला राहायची. सोन्याच्या किसातून लोखंडाचे कण वेचायला सोनार चुंबक फिरवतो, ते ती रोज पाही.

साळुंकी म्हणाली, "राणी, चुंबकाच्या पोटात असंख्य कण एकाच दिशेला तोंड करून उभे असतात, कवायतीतल्या शिपायांसारखे. म्हणून ती ओढ. सोनाराचा चुंबक शेगडीत पडून लाल झाला. कणांची रांग मोडली. नंतर त्याला लोखंडाचा एक कणही उचलेना."

उपाय कळला. आग शिळेच्या मागे लावायची, पण शिळा तापणार ती राजाच्या पाठीशी.

राजा म्हणाला, "पेटव. मी विझव म्हणेन. ऐकू नकोस."

राजाची पाठ आणि शिळा यांच्या फटीत ओली गोणपाटं कोंबली. राणीने भाता स्वतःच्या हाती घेतला, दुसऱ्या कुणाला दिला नाही. शिळेची पाठ काळ्याची तांबडी झाली. गोणपाटं वाळली, धुमसली. आणि राजा ओरडला, "विझव, हेमा!" राणी रडत होती आणि भाता ओढत होती. तो पुन्हा ओरडला. मग ओरडेनासा झाला, तेव्हा मात्र तिचा जीव अर्धा झाला. तरी हात थांबला नाही.

शिळा लालबुंद झाली. आधी एक खिळा गळाला, मग विळा, मग खणखणाट करत सारं लोखंड कोसळलं, आणि त्यात राजाही. शिपायांनी त्याला खेचून काढून पाण्यात बसवलं. त्याने श्वास घेतला. मांत्रिकाची सगळी विद्या त्या शिळेतच होती. ती गेली, आणि उरलेल्या म्हाताऱ्याला वेशीपार हाकलून दिलं.

गावोगावची दारं पुन्हा बिजागरीवर चढली, गाड्या चालू लागल्या, राजा गादीवर बसला. रोज संध्याकाळी राणी त्याच्या भाजल्या पाठीवर कोरफडीचा गर लावायची, आणि मधेच थांबायची.

राजा म्हणायचा, "लाव गं. दुखत नाही."

दुखायचं. तिला ठाऊक होतं, आणि ती लावत राहायची.