हेबीसाकाचे उंडे

एक होता राजा. इथला नव्हे बरं का, जपानचा. त्याला सगळं गोडच हवं असायचं, गावांची नावंसुद्धा. त्यानं दवंडी पिटली, "अशुभ नावं पुसा. गावाला जुन्या नावानं हाक माराल, तर कोठडी!"

आता तिकडे शिमा म्हणजे बेट, कावा म्हणजे नदी, यामा म्हणजे डोंगर. एका डोंगराच्या पायथ्याशी गाव होतं हेबीसाका. हेबी म्हणजे साप, साका म्हणजे चढण. सापाची चढण! शिपायांनी पाटी काढली, नवी ठोकली, हानासाका. फुलांची चढण.

चढणीच्या तोंडाशी ओताने नावाच्या बाईचं चहाचं दुकान होतं. पूर्वी वर जाणारा प्रत्येक जण तिथं थांबून ओरडायचा, "हेबीसाका, येतो रे!" आणि मगच पाऊल टाकायचा. ती हाक बंद झाली. उलट, फुलांचं नाव ऐकून लोक चढणीवर घरं बांधू लागले. मीसुद्धा एकदा 'राजभोग' नावावर भुलून तांदूळ घेतला होता. निम्मे खडे निघाले! तसंच हे. ओतानेची लेक किकू, तिनंही तिथंच घर बांधलं.

मग एक दिवस दुकानात हिरव्या अंगरख्याचा एक म्हातारा आला. नखशिखांत ओला. म्हणाला, "ओतानेबाई, हल्ली मला कुणी हाकच मारत नाही. झोप येते हो."

दुसऱ्यांदा आला तो जांभया देत. त्या दिवशी विहिरीचं पाणी गढूळ झालं.

तिसऱ्यांदा आला तेव्हा डोळे मिटत होते. "हाका येत होत्या तोवर जागा राहून डोंगर धरला. आता झोपलो, की कूस बदलणार." तो उठला, आणि अंगरख्याखालून शेपटी दिसली!

ओताने धावत लेकीकडे गेली. "किकू, खाली चल!"

"आई, पाटी वाच की! फुलांची चढण आहे." जावईही हसला.

ओताने परतली. गावाचं जुनं नाव घ्यावं, तर कोठडी. पण बाई दुकानदार होती बरं का! तिनं तांदळाच्या पिठाचे उंडे केले, सापासारखं वेटोळं घातलेले. वर पाटी लावली, 'गरम हेबीसाका'.

शिपाई आला. "बाई, कोठडीची हौस आहे का?"

"दादा, दवंडी गावाच्या नावाची. हे तर खाऊचं नाव. घ्या, गरम आहे."

शिपायानं खाल्लं. तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "आणखी एक हेबीसाका!"

मग काय, रांगच लागली. "मला दोन हेबीसाका!" "मला चार!" डोंगरात म्हाताऱ्यानं डोळे उघडले. आणि जो तो विचारी, "असं नाव का हो?" ओताने प्रत्येक उंड्याबरोबर सापाची गोष्ट फुकट देई.

गोष्ट चढणीवर पोचली. घरं खाली येऊ लागली. सगळ्यात शेवटी आली किकू, डोक्यावर भांडी घेऊन. आईचं ऐकलं नव्हतं, गिऱ्हाइकांचं ऐकलं!

मग म्हातारा आला. त्यानं एक उंडा खाल्ला आणि विचारलं, "वर कुणी नाही ना? आता झोपू का?"

"झोपा आजोबा."

त्यानं कूस बदलली. धडाडधूम! अख्खी चढण खाली आली. पण कुणाला खरचटलंसुद्धा नाही. हे कळताच राजानं जुनी पाटी परत लावली, आणि स्वतः रांगेत उभा राहून उंडे खाल्ले. सगळे सुखी झाले.

म्हातारा झोपला. आता तुम्हीही झोपा. आणि कूस जरा जपून बदला, पलीकडे धाकटी निजली आहे.