शिरांची चटणी आणि गोठ्यातला पाट

आमच्या गावात रंगराव देसाई म्हणून फार मोठे गृहस्थ होते. मोठे कशानं, तर ताटात निम्मं टाकून उठायचे म्हणून. त्यांची धाकटी सून सुंद्रा दुष्काळी मुलखातली, तिला काही टाकवत नसे. एकदा घरी पाहुणे आलेले असताना ती दोडक्याच्या तासलेल्या शिरा सुपात गोळा करताना रंगरावांनी पाहिली.

"शिरा गुरं खातात," ते पाहुण्यांदेखत कडाडले. "माणसानं खाल्ल्या तर त्याला गोठ्यात बांधावं. असली भिकारडी सवय असेल, तर उद्याच माहेरची वाट धर."

"बरं, मामंजी," म्हणून सुंद्रा चुलीकडे वळली.

दुपारी पंगत बसली. भाकरीबरोबर तीळ घालून परतलेली खमंग चटणी होती. रंगरावांनी ती दोनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा बोटं चाटत म्हणाले, "सूनबाई, आणखी वाढ. कसली गं ही?"

सुंद्रानं पदर सावरला. "शिरांचीच, मामंजी. वाढते की. पण तुमच्याच हुकमाप्रमाणं तुमचा पाट गोठ्यात मांडलाय, कपिला गाईशेजारी. तिथं चला."

हसू दाबताना पाहुण्यांना ठसका लागला.

माहेरची वाट तिथंच राहिली. पुढं देसायांकडे दोडका तासला, की शिरा कुठं ठेवल्यात हे आधी रंगरावच विचारायचे.