पदरावरचा मोर कुठवर आला

विणकरांच्या एका गावात एक थोरला विणकर होता. बिचारा फार दमला होता. विणून नव्हे, उत्तरं देऊन.

त्याच्या मागावर त्याची बायको आणि दोन पुतणे आळीपाळीने बसत. नक्षी तिघांनाही येत होती. पण काम कुठवर आलं, पुढची ओळ कुठली, हे एकट्या थोरल्याच्या डोक्यात. जो तो धोटा हातात घेई आणि हाक मारी, "काका, आता काय?" नाहीतर "अहो, आता काय?" जेवताना हाक, डोळा लागला की हाक. त्याला वैताग येई, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटे.

आता मागावर लेकीच्या लग्नाची पैठणी होती. मोराचा पदर तेवढा राहिला होता. लेक महिन्याभरात सासरी जाणार, म्हणून घटकाभर तिच्याजवळ बसावं, तर आतून हाक येई.

एका दुपारी पेंगता पेंगता त्याने एका पुतण्याला सांगितलेल्या ओळी दुसऱ्यालाही तशाच सांगितल्या. काका सांगतायत म्हटल्यावर त्यानेही मुकाट विणल्या. संध्याकाळी पाहतात तर मोराची मान बगळ्यासारखी लांबलचक.

"उद्यापासून मी मागाजवळच अंथरूण टाकतो," थोरला म्हणाला.

"आणि लेकीशी कधी बोलणार?" बायको म्हणाली. "अहो, मोर पदरावर आहे, तो तुमच्या डोक्यात कशाला कोंडलाय? उठणाऱ्यानं बसणाऱ्याला सांगावं, मी हे विणलं आणि आता काम इथं आलंय. तो तिथून पुढं विणेल, उठताना पुढच्याला तसंच सांगेल."

"म्हणजे मला कुणी विचारणारच नाही?"

"नाही विचारणार."

हे काही त्याला गोड लागलं नाही. पण भांडायचं त्राण उरलं नव्हतं, आणि ओसरीवर लेक एकटीच बसली होती. त्याने धोटा पुतण्याकडे दिला. "चुकलेलं उलगडा. मान झाली, आता चोच. इथून पुढं तुमचं तुम्ही."

काम आणि कामाची खबर बरोबरच हातोहात जाऊ लागली. मोर नीट वर चढला. थोरला मात्र पहिले काही दिवस उगाच आतल्या हाकेची वाट पाहत राहिला.

एकदा लेकीने विचारलं, "बाबा, माझा पदर कुठवर आला?"

"मला माहीत नाही गं," तो म्हणाला, आणि कितीतरी वर्षांनी त्याने तिच्याकडे डोळे भरून पाहिलं.

तात्पर्य काय, तर कामाची स्थिती एकाच्या डोक्यात कोंडू नये; कामासोबतच ती पुढच्याच्या हाती द्यावी.