बोलके पिंगळे आणि हंसाचे मौनधन

एका राज्यात धरणाच्या डागडुजीचे सोने चोरीला गेले, बांध फुटला आणि खालचे गाव झोपेतच वाहून गेले. राजा भद्रसेनाने अन्न वर्ज्य केले. तेव्हा कोतवाल यशोधर हात जोडून म्हणाला, "महाराज, घरोघरचे धन कळले तर चोर लपेल कुठे? सज्जनाला कसले भय?"

राजवाड्याच्या तळघरात राहणारा कालकंठ मांत्रिक लगेच पुढे झाला. त्याने प्रत्येक छपरावर एक बोलका पिंगळा बसवला. राजवाडा तेवढा वगळला, कारण राजाच्या डोक्यावर पाखरू बसवावे असे म्हणणार कोण?

पिंगळे रोज पहाटे घराघरातले धन पुकारू लागले. त्या राज्यात आई लेकीला लग्नात मौनधन देई. ते कुठे पुरले हे नवऱ्यालाही सांगायचे नाही, अशी रीत. यशोधराची धाकटी बहीण हंसा हिचे धन पिंगळ्याने पुकारले, "चुलीमागे, चार पाटल्या!" नवऱ्याने चुलीमागे खणले. हाती कोळसे लागले. त्याने ते हंसाच्या अंगावर फेकले आणि तिला कोंडून घातले. ज्याचा पुकारा होई, त्या धनाचा कोळसाच होत होता. चोर मात्र सापडत नव्हता.

यशोधराचा जीव तुटला. हे आपणच केले, हे त्याला ठाऊक होते. उपाय विचारायला तो रानातल्या एका म्हाताऱ्या पिंगळीकडे गेला.

पिंगळी म्हणाली, "तीन कामे कर. फुटल्या धरणाचे पाणी जवळ घे, म्हणजे पहारा कशासाठी हे विसरणार नाहीस. कुणी राजीखुशीने सांगितलेले एक गुपित मिळव. मग ज्याच्यावर संशय असेल त्याच्या दारावर ते पाणी शिंपड आणि स्वतःचे नाव घेऊन तो संशय बोलून दाखव. खोटा ठरलास तर तुझी वाचा जाईल."

पाणी सहज मिळाले. दुसऱ्या कामासाठी यशोधर बहिणीच्या बंद दाराशी बसला.

"हंसे, माझे चुकले गं."

आतून हंसाचा आवाज आला. "दादा, त्या पाटल्या नावाड्याला द्यायच्या होत्या. मला हे घर सोडायचे होते. तू कोतवाल, तुला सांगितले असते तर तू चौकशी केली असतीस."

यशोधर रडला. मग त्याने विचार केला, की सगळी छपरे बोलली आणि एकच मुके राहिले, ज्याच्या तळघरात कालकंठ राहतो ते. तो तडक राजवाड्यात गेला, राजाला घेऊन तळघराशी आला, दारावर धरणाचे पाणी शिंपडले आणि राजासमोर म्हणाला, "मी यशोधर. धरणाचे सोने कालकंठाने चोरले, असा माझा संशय आहे."

दार आपोआप उघडले. आत धरणाचे सोने होते आणि साऱ्या प्रजेचेही. ज्या धनाच्या जागी कोळसे उरत, ते सोने रोज तिथेच जमत होते. कालकंठाचा धूर झाला. घरोघरचे कोळसे नाहीसे झाले आणि सोने आपापल्या जागी परतले.

राजाने मान खाली घातली आणि आधी राजवाड्यावरही एक पिंगळा बसवला. मग दवंडी पिटली, की पंचांसमोर कुणी आपल्या नावाने संशय मांडला तरच पिंगळा बोलेल, तेही त्याच घरापुरते. एरवी त्याने चोच मिटून राहावे. धरण नव्याने बांधले गेले.

यशोधराने हंसाच्या दाराचे कुलूप तोडले आणि पाटल्यांचे गाठोडे तिच्या हाती देऊन तिला घाटापर्यंत सोबत केली. ती नावेत बसली. कुठे चाललीस, असे कोतवालाने विचारले नाही.