तिसरा बहर

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाचे डोंगर आजच्यापेक्षा वीतभर उंच होते. माणसांची घाई मात्र आजच्याइतकीच होती.

त्या काळी एका खडकाळ डोंगरावरच्या गावात एक बुरूड राहत असे. बांबू चिरावा, त्याच्या कांब्या काढाव्यात, सुपं, टोपल्या, डालगी विणावीत आणि बाजाराच्या दिवशी विकावीत, हे त्याचं काम. त्याचा हात असा सफाईदार, की त्याच्या सुपातून राळ्याचा दाणासुद्धा निसटत नसे. घरात माणसं दोनच, तो आणि त्याची थोरली बहीण आक्का.

ही दोघं मूळची त्या गावची नव्हेत. त्यांचं गाव खाली, नदीच्या काठी होतं. बुरूड चार वर्षांचा असताना एका पावसाळ्यात नदीने आपली वाट बदलली आणि अख्खं गाव पोटात घेतलं. आई-बाप त्यातच गेले. चौदा वर्षांची आक्का भावाला कडेवर घेऊन डोंगर चढून वर आली, ती पुन्हा कधी खाली उतरली नाही. भावाला वाढवायचं म्हणून तिने लग्नही केलं नाही.

गाव गेलं, पण आक्काच्या बोलण्यातून काही ते गेलं नाही. तिथे दर दाराशी एक डाळिंबाचं झाड होतं म्हणे. फळं उतरवायच्या दिवशी बायका ओचे भरभरून डाळिंबं एकमेकींच्या घरी पोचवायच्या, स्वतःच्या घरी तीच डाळिंबं असली तरी. "दाणा जिभेवर ठेवायचा अवकाश रे," आक्का सांगे, "चावावंसुद्धा लागायचं नाही." बुरडाने बाजारातून कधी डाळिंब आणलं, तर ती चार दाणे तोंडात टाकी आणि वाटी त्याच्याकडे सरकवी. "चांगलं आहे. पण आपल्या गावच्याची सर नाही."

बुरडाला ती चव आठवत नव्हती. चार वर्षांच्या पोराला काय आठवणार? पण ऐकून ऐकून त्यालाही तिची हुरहूर लागली होती. असं होतं बरं का. आपल्या माणसाने जे गमावलं, ते आपणही गमावलं असं वाटायला लागतं.

वर्षं गेली. आक्का म्हातारी झाली. तिची नजर मंदावली, जेवणावरची वासना उडाली. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राही. बुरूड विचारी, "आक्का, काय करू तुझ्यासाठी?" ती म्हणे, "काही नको रे बाबा."

अशात एक मेंढपाळ टोपली घ्यायला आला. बोलता बोलता तो म्हणाला, "तुमच्या बुडालेल्या गावातलं देवळाचं टेकाड अजून पाण्यावर आहे. त्यावर एक डाळिंबाचं झाड आहे. म्हातारं झालंय, फळ काही धरत नाही आता. पण जिवंत आहे."

बुरडाच्या हातातली कांबी हातातच राहिली. आक्काने मरण्याआधी एकदा तरी आपल्या गावचं डाळिंब खावं, एवढी एकच गोष्ट त्या दिवसापासून त्याच्या मनात बसली.

पण बुरडाने जन्मात कधी झाड लावलं नव्हतं. त्याने आजवर बांबू कापलेला, लावलेला नव्हे! मग तो गावाबाहेरच्या म्हाताऱ्या माळिणीकडे गेला. ती म्हणाली, "बी लावशील तर मूळ झाडाची चव येईलच असं नाही. गुटी बांध. बोटाएवढ्या फांदीची साल बांगडीसारखी गोल काढायची. तिथे ओली माती आणि शेवाळ थापायचं, फडक्याने घट्ट बांधायचं आणि दोन महिने विसरून जायचं. मुळं फुटली की तेवढी फांदी कापून आणायची."

बुरडाने सगळं केलं, फक्त विसरायचं तेवढं जमलं नाही. दर आठ दिवसांनी तो डोंगर उतरून जाई आणि फडकं दाबून बघे. तरी झाडाला त्याची दया आली असावी. दोन महिन्यांनी फडक्यातून पांढरी मुळं डोकावली. फांदी कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून, तान्ह्या लेकराला आणावं तशी त्याने ती वर आणली. पुढच्याच पावसात ते टेकाड म्हाताऱ्या झाडासकट नदीने नेलं. आता बुडालेल्या गावाचं म्हणावं असं जगात एवढंच एक रोप उरलं.

खडकाळ अंगणात खड्डा होईना, म्हणून त्याने कुंभाराकडून मोठी कुंडी आणली. कुंडीच्या बुडाला भोक होतं. आयुष्यभर लोकांनी त्याला चिडवलं होतं, की बुरडाच्या भांड्यात पाणी ठरत नाही. त्याने ते भोक लाख लावून पक्कं बुजवलं आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी घालू लागला. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली. मग गावात सल्ल्यांना ऊत आला. कुणी म्हणे राख घाल, कुणी म्हणे ताक घाल, कुणी म्हणे नजर काढ. याने तिन्ही केलं.

शेवटी माळीण आली. तिने कुंडी कलती केली आणि कपाळाला हात लावला. "अरे, नदीने बुडवलेल्या गावाचं रोप तू पुन्हा बुडवायला आणलंस होय? मुळांनाही श्वास लागतो." तिने खिळ्याने भोक मोकळं केलं. "बोट मातीत घाल. बोट कोरडं निघालं तरच पाणी. ऊन मात्र भरपूर दे."

रोप सावरलं. आणि एके दिवशी बुरडाने पाहिलं, तर आक्का भिंतीला धरत धरत ओट्यावर येऊन बसली होती. नजरेला नीट दिसेना, म्हणून ती पानं बोटांनी चाचपत होती. "ही नवी पालवी दिसते," ती म्हणाली. "आमच्या दारच्या झाडाला अशीच तांबूस यायची." मग ती रोज सकाळी बाहेर येऊन बसू लागली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना गावच्या गोष्टी सांगू लागली. तिला भूकही लागू लागली. बुरडाला वाटलं, हे तर नुसत्या पानांनी झालं, फळ खाल्ल्यावर काय होईल!

वर्ष सरलं आणि झाडाला लालभडक फुलं आली. बुरूड नाचायचाच बाकी राहिला. तो माळिणीला बोलवायला धावला. माळिणीने झाड पाहिलं आणि म्हणाली, "छान. आता सगळी खुडून टाक."

"खुडू?"

"पहिला बहर मुळांचा, दुसरा खोडाचा, तिसरा माणसांचा. आमच्यात असंच करतात. हे अजून लेकरू आहे. याच्या डोक्यावर ओझं देऊ नकोस. दोन वर्षं थांब."

"आणि तोवर आक्का राहिली नाही तर?"

माळिणीने एक फूल खुडून त्याच्या हातावर ठेवलं. 

बुरडाने मान डोलावली, पण मनातून तो हलला नाही. माणसाला स्वतःचं काम फार सुचतं. त्याने रात्रंदिवस खपून एक उंच, घट्ट विणीचं डालगं केलं, कोंबड्या झाकतात तसं, आणि ते झाडावर पालथं घातलं. कुणी विचारलं तर सांगायचं, पाखरांचा त्रास होतो. माळीण जाता-येता विचारी, "खुडलीस ना रे?" तो आत्मविश्वासाने म्हणे, "केव्हाच!"

झाड डालग्याखाली गेलं, तशी आक्का पुन्हा आतल्या खोलीत गेली. बाहेर येऊन ती चाचपणार काय, बांबूच्या कांब्या? पण बुरडाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो फळं मोजत होता.

फळं आली. लिंबाएवढी झाली आणि तिथेच थांबली. काही तडकली, काही गळली. उरलेल्यांतली तीन त्याने तोडली, दाणे वाटीत काढले आणि आक्काच्या पुढ्यात ठेवले.

आक्काने दाणे तोंडात टाकले. सावकाश चावले. मग तिचा चेहरा फुलला. "हीच रे! हीच चव! आपल्या दारच्या झाडाची!"

बुरडाला धन्य धन्य वाटलं. त्याने तिचे पाय धरले. तिने वाटी रिकामी केली. तळाला राहिलेले चार दाणे त्याने मोठ्या भक्तीने तोंडात टाकले, आणि तो तसाच बसून राहिला. दाणे पांढुरके होते. चावले तर नुसतं आंबूस पाणी आणि भुस्सा.

"आक्का," तो म्हणाला, "खरं सांग."

आक्काने रिकामी वाटी खाली ठेवली. "खरं सांगून काय करायचं होतं? तू इतका आनंदात होतास. लहानपणी तू करपलेली भाकरी करून मला वाढायचास, तेव्हाही मी चांगली म्हणत असे." मग ती हळूच म्हणाली, "मला ते फळ नाही मिळालं तरी चाललं असतं रे. दाराशी ते झाड होतं ना, तर सकाळी उठावंसं वाटायचं. तू ते झाकून टाकलंस."

बुरूड धावत बाहेर गेला आणि त्याने डालगं उचललं. फळांच्या नादात त्याने झाडाकडे नीट पाहिलंच नव्हतं. ऊन न मिळाल्याने पानं गळून गेली होती, फळांच्या भाराने कोवळ्या फांद्या मोडल्या होत्या. पुढच्या पंधरा दिवसांत झाड वाळून काटकी झालं. बुरूड त्या कुंडीशेजारी बसून पोटभर रडला. नदीने जे ठेवलं होतं, ते आपण घालवलं, हे त्याला सहन होईना.

माळीण आली, पण रागावली नाही. रागावण्यासारखं सगळं त्याने स्वतःच स्वतःला बोलून घेतलं होतं. तिने नखाने खोडाची साल खरवडली. आत तपकिरी. खाली, आणखी खाली, आणि अगदी मातीजवळ एक हिरवी रेघ दिसली.

"खोड गेलं. मूळ आहे," ती म्हणाली. "खालून फुटवा येईल. पण मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

उन्हाळ्याच्या शेवटी मातीतून एक लालसर कोंब वर आला. ही बातमी आक्काला कळली आणि ती पुन्हा भिंत धरत ओट्यावर आली. या वेळी बुरूडही रोज सकाळी तिच्याजवळ बसू लागला. तो विणी आणि ती बोले. कुणाच्या दारी कोणतं झाड होतं, कोण कुणाशी भांडली होती आणि फळं उतरवायच्या दिवशी त्यांचं भांडण कसं मिटलं होतं, हे त्याने पहिल्यांदाच इतकं नीट ऐकलं.

पहिला बहर आला, तो त्याने माळिणीसमोर खुडला. दुसरा आला, तेव्हा आक्का म्हणाली, "आण इकडे, मी खुडते." त्याने कुंडी तिच्याजवळ सरकवली. ती बोटांनी चाचपून एकेक फूल खुडत होती आणि पदरात टाकत होती.

तेव्हा बुरडाच्या ध्यानात आलं. डालगं झाकलं नसतं, तर याच वर्षी तिसरा बहर आला असता. हीच फुलं आज झाडावर राहिली असती आणि पाच-सहा महिन्यांनी आक्काच्या वाटीत आली असती.

तो म्हणाला, "आक्का, एक तरी राहू दे. एकच."

"अर्धमेल्या मुळातून वर आलंय ते. एकही नको," आक्का म्हणाली. "एकदा माझ्यासाठी घाई केलीस. आता माझ्यासाठी थांब."

तिने शेवटचं फूल खुडलं.

त्या हिवाळ्यात आक्का गेली. झोपेतच गेली, फारसा त्रास न होता.

पुढच्या वर्षी तिसरा बहर आला. झाड आता छातीएवढं झालं होतं. त्याने फळं अशी धरली, की वाटसरू थांबून बघत. बुरडाने एक डाळिंब तोडलं. साल हाताने सहज उकलली. आत माणकासारखे दाणे खच्चून भरले होते. त्याने एक दाणा जिभेवर ठेवला. चावावा लागला नाही.

माळीण पायरीवर बसली होती. तिने विचारलं, "कसं आहे?"

"गोड आहे," बुरूड म्हणाला. "फार गोड आहे." आणि मग लहान मुलासारखा रडत म्हणाला, "पण हीच ती चव का, हे कुणाला विचारू? सांगणारी एकच होती. ती गेल्या साली इथे बसली होती. मी ते एक वर्ष वाया घालवलं नसतं, तर तिने सांगितलं असतं."

माळिणीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर बुरडाने त्या झाडाच्या पुष्कळ गुट्या बांधल्या. जो मागेल त्याला तो रोप देई, फुकट देई आणि कुंडीचं भोक स्वतः तपासून देई. एकच अट असे. पहिला आणि दुसरा बहर आला की बुरूड भल्या सकाळी त्या घरी हजर होई, ओट्यावर बसे आणि शेवटचं फूल खुडेपर्यंत उठत नसे. लोक कुरकुरत. "काय हट्टी म्हातारा आहे!" म्हणत. एखादी सून हळूच विचारी, "मामा, सासूबाईंसाठी एकच फळ ठेवू का? त्या थकल्यात हो."

बुरूड म्हणे, "सासूबाई आहेत ना घरात? मग झाड उन्हात ठेव आणि त्यांना रोज त्याच्याजवळ आणून बसव. फळाचं फळ बघून घेईल."

काही वर्षांनी त्या खडकाळ डोंगरावर दर दाराशी एक डाळिंबाचं झाड उभं राहिलं. ती चव त्या बुडालेल्या गावचीच होती का, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही.

थोरामोठ्यांनो आणि बाळगोपाळांनो, या गोष्टीने शिकवलं ते इतकंच: आपल्या माणसासाठी केलेली घाई आधी त्याच्याच वाट्याचा वेळ खाते.