काळमेघ सर चुकले तेव्हा

“पण सर, सगळंच जर एकमेकांपासून लांब चाललंय, तर धरून ठेवणाऱ्यानं करायचं तरी काय?”

काळमेघ सरांचं लक्ष पायांकडे होतं. ते पुढची पायरी चाचपत होते.

लोणारला सरोवराच्या कडेला पाण्याची एक धार बाराही महिने पडते. तिच्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या नेहमी ओल्या असतात. सरांनी ऐंशी ओलांडली होती. यशोधन वैराळेनं त्यांचा दंड घट्ट पकडला होता.

विश्वाचं प्रसरण हा सरांचा आयुष्यभराचा विषय. निवृत्त झाल्यावर ते इथे, आपल्या गावी येऊन राहिले. यशोधन त्यांचा विद्यार्थी. आता तो स्वतःच मोठा प्राध्यापक होता, चार लोक त्याचं नाव घेत. सरांकडे मात्र तो कित्येक वर्षांनी आज फिरकला होता.

“लांब कोण चाललंय?” सरांनी विचारलं. “आकाशातल्या दीर्घिका, की दुसरं कोणी?”



“सबीहा,” यशोधन म्हणाला. “माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिला परदेशात ज्या गटात जायचंय ना, ते लोक म्हणतात, विश्वाला ढकलणाऱ्या कृष्ण ऊर्जेचा जोर कायम नाही, काळाबरोबर तो बदलतो. आणि मी आजवर मांडत आलोय की तो कायम आहे. माझ्याकडे शिकली, आणि आता मलाच खोडायला निघाली.”

“मग जाऊ दे की.”

“माझ्या शिफारशीवाचून जाता येत नाही तिला.”

“दिलीस?”

“तिचे फोनच घेत नाही मी, सर.”

सर थांबले.

“यशोधन, हात सैल कर. इतका आवळून धरलास की माझा तोल जातो.”

त्यानं ओशाळून हात सोडला. सरांनी आपला पंजा त्याच्या खांद्यावर ठेवला आणि उरलेल्या पायऱ्या ते सहज उतरले.

खाली धारेजवळच्या कट्ट्यावर दोघं बसले. सकाळचं कोवळं ऊन होतं. दोन बाया पाय धुऊन देवळाकडे गेल्या, आणि मग फक्त पाण्याचा आवाज उरला.

“सांग,” सर म्हणाले. “सुरुवातीला कोणाचं चालत होतं?”

यशोधन नकळत विद्यार्थ्यासारखा सावरून बसला.

“गुरुत्वाकर्षणाचं. पदार्थ दाट होता. विश्व पसरत होतं, पण गुरुत्वाकर्षण त्याला मागे ओढत होतं. पसरण्याचा वेग मंदावत होता.”

“मग?”

“मग जागा वाढत गेली, तसा पदार्थ विरळ झाला. ओढ कमी पडू लागली. कृष्ण ऊर्जा मात्र जागा वाढली म्हणून विरळ होत नाही. काही अब्ज वर्षांपूर्वी तिचं पारडं जड झालं. तेव्हापासून प्रसरणाचा वेग वाढतोच आहे.”

“म्हणजे गुरुत्वाकर्षण हरलं.”

“हरलं.”

सरांनी पायाजवळचा एक खडा उचलला, हात लांब केला आणि मूठ उघडली. खडा टपकन त्यांच्या चपलेशी पडला.

“याला अजून कळलेलं दिसत नाही.”

यशोधनला हसू आलं. महिनाभरात पहिल्यांदाच.

“इथे ते हरत नाही, सर. पृथ्वी, सूर्य, आपली आकाशगंगा... जे एकमेकांशी बांधलं गेलंय ते प्रसरणानं सुटत नाही. शेजारची देवयानी दीर्घिका तर आपल्याकडेच येतेय.”

“मग ढकलणारं जिंकतं कुठे?”

“मधे अफाट रिकामी जागा असते तिथे.”

“तुझ्या आणि त्या मुलीच्या मधे काय आहे?”

यशोधननं धारेकडे नजर वळवली.

तो बोलला, पण सबीहाबद्दल नाही. त्याच्या छातीत अडकून बसलेलं दुसरंच काही वर आलं.

विश्वाचं प्रसरण किती मंदावतंय, हे मोजण्यात सरांची उमेदीची वर्षं गेली होती. ते मंदावतंय याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. त्या काळी फारशी कोणालाच नव्हती. मग तरुण यशोधन परदेशातल्या एका गटात गेला. तिथे फार दूरच्या ताऱ्यांचे स्फोट मोजले गेले. ते हिशेबापेक्षा फिकट दिसले, म्हणजे हिशेबापेक्षा दूर होते. प्रसरण मंदावत नव्हतं. ते वेग घेत होतं. हे मांडणाऱ्या शोधनिबंधावर यशोधनचंही नाव होतं.

तेव्हापासून तो सरांना फक्त दिवाळीच्या शुभेच्छा पाठवत असे.

“सर, तुम्ही मला तिकडे धाडलंत... तिथे तुमचंच खोडलं जाईल, असं वाटलं नव्हतं?”

“वाटलं होतं ना. त्यांची मोजमापं माझ्यापेक्षा चांगली होती. म्हणून तर धाडलं.”

“आणि ते खरंच झालं, त्या दिवशी...”



“त्या दिवशी मी वर्गात गेलो,” सर म्हणाले, “आणि कालचं शिकवलेलं फळ्यावरून पुसलं. म्हटलं, पोरांनो, नवी बातमी आहे. घरी आलो तर तुझ्या काकूनं शिरा केलेला. मी मागून मागून खाल्ला. विश्वाबद्दल एवढी मोठी गोष्ट कळली होती आणि ती कळवणाऱ्यांत माझा मुलगा होता.”

“मला इतकी वर्षं वाटत होतं, तुम्ही दुखावला आहात. म्हणून मी...”

“असं होय! मला वाटलं, तू कामात असशील.”

यशोधन उठला. धारेखाली ओंजळ धरून त्यानं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. वळला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण खांदे सैल झाले होते, पाठीवरचं ओझं काढून ठेवावं तसे.

त्यानं तिथूनच सबीहाला फोन लावला, पाण्याच्या आवाजामुळे स्पीकरवर.

“सबीहा, शिफारस आजच पाठवतो. मनापासून लिहितो.”

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ हसण्याचा.

“थँक्यू, सर... पण तिथे जाऊन मी तुमचंच चुकीचं ठरवलं तर?”

यशोधन सरांकडे बघू लागला. 

सरांनी फोनसाठी हात पुढे केला.

“बेटा, मी याचा मास्तर बोलतोय. जरा लवकर कर. हा चुकलेला मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय.”