पहिला पेला

एका राज्यात, जिथे ताकाला ताक म्हणायलाही चार साक्षीदार लागत, रायाजीने जांभळाच्या सरबताचे दुकान मांडले. पेठ लोटली. "आधी कोण पितो ते पाहू," म्हणून सगळे उभे राहिले. त्याची थोरली बहीण भिवराही राहिली. सूर्य कलला, आणि रायाजी पेला पुढे धरल्या हाताने दगड झाला.

तिथे नवा धंदा मांडणाऱ्याचे असेच होई. पूर्वी विकट नावाच्या परमुलखातल्या मांत्रिकाने दुकान मांडले होते, पेठेने त्याला हाकलले, त्याचा हा शाप.

भिवरा राजाकडे गेली. राजा म्हणाला, "उतारा विकटच जाणे. तो खरे बोलेल याची हमी मी देत नाही."

भिवरा विकटाला शोधत गेली. तो म्हणाला, "तीन देशांतल्या नव्या दुकानांच्या उंबरठ्याची माती आण. सहा महिने उलटले, तर तुझा भाऊ कायमचा दगड."

"यात तुझा लाभ काय?"

"विचारत बस. दिवस माझे नाहीत, तुझे जात आहेत."

वाटेत एक भारद्वाज बोलला, "बाई, मी वाट दाखवतो." भारद्वाजाचे दर्शन शुभ म्हणतात. भिवराला वाटले, हाही विकटाचाच. तिने त्याच्या पायाला दोरा बांधला, टोक आपल्या मनगटाला गुंडाळले, मगच निघाली.

पहिला देश भुकेला. तिथे जो तो काहीतरी विकत होता. "परवानगी कोणाची?" तिने कंद विकणाऱ्या म्हातारीला विचारले. "पोटाची," म्हातारी म्हणाली. "आम्हाला चाकरी कोण देतो?"

दुसरा देश तृप्त. तिथे चाकरी सोडून दुकान काढणारा हजारात एक, त्याला लोक वेडा म्हणत. पण त्या वेड्याचे माग आपले आपण चालत आणि सात शहरांना वस्त्र पुरवत.

तिसऱ्या देशात ज्याचे दुकान बुडे, त्याला शेजारी जेवायला बोलावत आणि विचारत, "आता पुढे काय मांडणार?" बुडालेल्याला गोडधोड? भिवराने त्या पंगतीत पाणीसुद्धा घेतले नाही.

तिन्हीकडे तिला एक गोष्ट खटकली. नव्या दुकानाची भवानी, म्हणजे पहिली खरेदी, शेजारी नाहीतर सोयरेच करत. "सगळ्यांचे आतून संगनमत आहे," ती पुटपुटली आणि माती पदराला बांधून परतली.

मुदतीचा शेवटचा दिवस होता. तिने भावाच्या पायाशी माती घातली. काही झाले नाही. तमाशा बघायला आलेला विकट हसला.

"हा फसवणार, मला ठाऊकच होते!" भिवरा ओरडली.

भारद्वाज म्हणाला, "ते ठाऊक होते. भवानी कोणी करायची, हे नव्हते?"

भिवरा थिजली. भर पेठेत सख्खी बहीण परक्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली होती. तिला भावापुढे मान वर करवेना.

दगडी हातातला पेला पितळेचा होता. सरबत हिरवे पडून कळकले होते. मागून तेच शब्द आले, "आधी कोण पितो ते पाहू."

"मी," ती म्हणाली. तिने पेला ओढून घेतला आणि घोट घेतला.

रायाजीची बोटे हलली, मग ओठ. "अक्का, कसं झालंय?"

"कळकलंय, मेल्या!" ती रडत रडत म्हणाली. "दुसरं कर. पहिलं गिऱ्हाईक मीच."

विकट धुरासारखा विरला. राजाने दवंडी पिटवली, की नव्या दुकानाची भवानी शेजाऱ्याने करावी. रायाजीने ताजे सरबत ओतले, पेठ पुढे सरकली. भिवराने पेला उचलला, पेठ बघत असताना आधी वास घेतला आणि मग एका दमात रिकामा केला.